कापलेल्या दोन मार्कांतली आई

प्रिय आई,

तू मोठीआईशी सहा पावसाळे, सहा रोवणे, का बोलली नाहीस?

पत्राची सुरुवात अशी करू नये, हे मला कळतं. आधी घरची खुशाली लिहावी, मग विचारावं. पण या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, आणि सोमवारी वर्गात उभं राहून ते येत असल्यासारखं मला बोलायचं आहे. म्हणून आज लिहायला बसले.

पवनीच्या कॉलेजात मी तासिकेवर शिकवते. पहिल्या दिवशीची साडी तूच शेजारच्या शेवंताकाकूच्या घरून इस्त्री करून आणली होतीस. सोमवारी पहिल्या वर्षाचा नवा धडा सुरू होतो: मानवी वर्तनाकडे पाहण्याचे दृष्टिकोन. माणूस जसा वागतो तसा का वागतो, याची वेगवेगळी उत्तरं त्यात आहेत. या धड्याला एक उदाहरण लागतं. एकच वागणं घ्यायचं आणि प्रत्येक उत्तर त्याला लावून बघायचं. उदाहरण शोधायला मी पेटी उघडली आणि माझी बी.ए.ची फाइल बाहेर काढली. वर माझ्याच गोल अक्षरात लिहिलं आहे, 'एका ग्रामीण स्त्रीचा अबोला : व्यक्तिअभ्यास'.

ती ग्रामीण स्त्री म्हणजे तू.

आठवतं तुला? दिवाळीनंतर मी नागपूरहून आले होते. तू अंगणात लाखोरीची कोवळी भाजी निवडत बसली होतीस आणि मी समोर पाटावर बसून तुला ही फाइल वाचून दाखवली होती. मला वाटत होतं, मी तुझ्यासाठी केवढी मोठी गोष्ट आणली आहे. घरात पहिल्यांदा कुणी तरी कॉलेजात गेलं, आणि तिने पहिलं काही लिहिलं ते तुझ्यावर.

"हे माह्यावर लिवलं का?" तू विचारलंस.

"हो."

"नाव टाकलं?"

"नाव टाकत नाहीत आई. 'क्ष' लिहिलंय."

"क्ष." भाजी निवडता निवडता तू हसलीस. "बरं केलं. मग काय म्हणते क्षबाई?"

मी वाचत गेले. क्षच्या मनात दडपलेला राग आहे. क्षला मौनातून फायदा मिळतो. क्ष अमुक, क्ष तमुक. पंधरा पानं. तू मध्ये एकदाही अडवलं नाहीस. शेवटी काड्या झटकून म्हणालीस, "सरानं मार्क किती देले?"

"वीसपैकी अठरा. वर्गात सगळ्यांत जास्त."

"दोन काहून कापले?"

"पूर्ण कुणालाच देत नाहीत."

"मंग त्या दोनात असन मी," तू म्हणालीस, आणि भाजीचं टोपलं उचलून आत गेलीस.

मी तेव्हा हसले होते. होस्टेलवर जाऊन मैत्रिणींना हा विनोद सांगितला होता. आज फाइल उघडल्यावर ते वाक्य पहिलं आठवलं आणि मग पुढे वाचवेना.

गोष्ट तशी साधी होती, निदान आम्हा सगळ्यांना माहीत होती तेवढी. मोठीआई म्हणजे तुझी मोठी जाऊ. अंगण एक, घरं दोन, मध्ये बोरिंग. मोठेबाबा गेल्यावर ती एकटीच राहते आहे, मुलगा नागपूरला कंपनीत. मी बारावी करून नागपूरला गेले त्या वर्षी धानाच्या रोवण्याच्या वेळी तू चुकून तिच्या वाफ्यातले पऱ्हे, कोवळी रोपं, उपटलेस आणि आपल्या डोहाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, रोवलेस. तिचा होता हलका धान. आपल्या खोलगट बांधीला पाहिजे भारी, उंच वाढणारा. हलक्याची बुटकी रोपं त्या पाण्यात सडली, आणि तिची बांधी पऱ्ह्यांवाचून अर्धी राहिली. मोठीआई सगळ्या बायांसमोर म्हणाली, "डोळे फुटले का वं तुहे?" तू काही बोलली नाहीस. त्या दिवशीही नाही आणि त्यानंतरही नाही.

एवढ्यावरून सहा वर्षं?

आणि तो अबोला तरी कसा! रोवण्याच्या बायांना आदल्या संध्याकाळी घरोघरी जाऊन सांगायचं काम तुझं. उद्या कुणाची बांधी, किती वाजता, डबा आणायचा की मालकाकडे भाकर आहे, हे सगळं तुझ्या तोंडून. ज्या बाईला सांगणं गेलं नाही ती येत नाही. न सांगता येणं म्हणजे कमीपणा. मोठीआईला वगळलं असतंस तर तो अबोला मला समजला असता. पण तू तिच्या दारी जायचीस, खुंट्याला बांधलेल्या बकरीसमोर उभी राहायचीस आणि तिलाच सांगायचीस, "चंपे, उद्या सातले. तलावाखालची बांधी. भाकर घरून."

आतून मोठीआई म्हणायची, "चंपे, तिले इचार, चटणी आणू का लोणचं."

"चंपे, जे असन ते आण म्हणा."

चंपी बिचारी दोघींकडे आळीपाळीने बघायची. मूळची चंपी मेली, तिची पाठ, तिचंच पिल्लू, खुंट्याला आली, तिलाही तुम्ही चंपीच म्हणायला लागलात. निरोप थांबायला नको म्हणून!

आणि बांधीत? बांधीत तू रोज मोठीआईच्या शेजारची जागा धरायचीस. तिचे गुडघे दुखतात, वाकून मागे सरकताना ती बाकीच्यांपेक्षा हळू पडते. तुझा हात भरभर चालायचा. आपल्या वाट्याच्या ओळी लावता लावता तू हात लांबवायचीस आणि तिच्या वाट्यातल्या दोन ओळीही लावून टाकायचीस. न बोलता, न बघता. ती म्हणायची नाही की लावू नको. तू म्हणायची नाहीस की लावते. सुट्टीत घरी आले की बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसून मी हे बघायचे आणि मला वाटायचं, हेच तर मानसशास्त्र आहे.

मग मी त्याला एकेक उत्तर लावत गेले. पहिलं लिहिलं वर्तनवादाचं, कारण ते सोपं होतं. न बोलल्याने भांडण होत नाही, डोकं शांत राहतं, शांततेचं बक्षीस मिळतं, म्हणून न बोलण्याची सवय पक्की होते. प्रयोगशाळेतल्या कुत्र्याला घंटा ऐकून लाळ सुटते ना, तसं. मोठीआई दिसली की तुझी जीभ बंद. वाचताना मला हे इतकं पटलं होतं. आज वाटतं, मग त्या दोन ओळींचं बक्षीस काय होतं? गुडघे तिचे, कंबर तुझी. तुला त्यातून काय मिळत होतं?

मग मी तुझ्या लहानपणात शिरले. नेणिवेचा सिद्धांत सांगतो की आजच्या रागाचं मूळ जुन्या जखमेत असतं. तुझी आई तू पाच वर्षांची असताना गेली. लग्न होऊन आलीस तेव्हा तुला भात वाढायला, लुगडं नेसायला, कुणासमोर काय बोलू नये ते, सगळं मोठीआईने शिकवलं. म्हणजे ती तुझ्या आईच्या जागी. म्हणजे तिचा एक शब्द आईने टाकून दिल्यासारखा लागला. मी लाल पेनाने अधोरेखित केलं होतं : 'आईच्या जागी असलेल्या व्यक्तीकडून झालेला अव्हेर.' सरांनी शेजारी 'उत्तम' लिहिलं. आई, मी तुझ्या आईबद्दल एकदा तरी तुला विचारलं होतं का? ती गेली तेव्हाचं तुला काही आठवतं का, हेसुद्धा नाही. पुस्तकाला माहीत होतं, म्हणून मला माहीत होतं.

बाबांचं म्हणणं वेगळं होतं. "तिच्या माहेरचं रगतच तसं आहे. तिचा बाप दोन वर्ष सख्ख्या भावाशी बोलला नाही." जैविक दृष्टिकोन, दुसरं काय! पुस्तकात त्याला जनुकं म्हणतात, बाबा रगत म्हणतात. शेवंताकाकू म्हणायची, "धाकटी जाऊ मोठीले उलटून बोलू शकते का? नाही बोलू शकत. मंग न बोलणं हेच तिचं बोलणं." हे मी फाइलमध्ये घातलंच नाही, कारण शेवंताकाकू चौथी शिकलेली. पुढे एम.ए.ला सामाजिक-सांस्कृतिक दृष्टिकोन शिकवताना मॅडमनी जवळजवळ हेच सांगितलं, तेव्हा मी वहीत लिहून घेतलं आणि वर गोल केला.

अजूनही होती उत्तरं. घटनेपेक्षा तिचा अर्थ आपण काय लावतो ते महत्त्वाचं, असं बोधात्मकवाले म्हणतात. माणसाला मान हवा असतो, स्वतःच्या नजरेत मोठं व्हायचं असतं, असं मानवतावादी म्हणतात. मला हे शेवटचं फार आवडायचं, अजूनही आवडतं. त्यात माणूस कुत्र्यासारखाही नसतो आणि जखमेसारखाही नसतो. पण त्यातही क्षच होती. तू नव्हतीस.

तू मात्र माझ्या अभ्यासावर खूश होतीस, हे मला माहीत आहे. संध्याकाळी फोन करायचीस. "जेवली का? बरी आहे का? आज कोनाचं मन शिकवलं?" हे तीन प्रश्न, याच क्रमाने. मी म्हणायचे, आई, मन नाही शिकवत, मनाबद्दल शिकवतात. तू म्हणायचीस, "तेच ते." सहाच्या पुढे मोबाइलकडे हात जाण्याची माझी सवय अजून गेली नाही. तिला काय म्हणतात ते मला येतं. ती घालवायची कशी हेही पुस्तकात आहे. मला घालवायची नाही.

मार्चमध्ये तुला ताप आला तेव्हा मी म्हटलं होतं, परीक्षेची कामं आहेत, शनिवारी येते. तू म्हणालीस, "ये आरामात, मी काई कोठं चालली नाही." शुक्रवारी भंडाऱ्याच्या दवाखान्यात तुला न्यावं लागलं. मी पोचले तेव्हा तू ओळखलंस, पण बोलली नाहीस. माझ्याशीही बोलली नाहीस, आई. तेवढी एकच संध्याकाळ, पण मला कळलं की न बोलणाऱ्या माणसासमोर उभं राहणं काय असतं.

घरी आणल्यावर मोठीआई आली. कुणी बोलावलं नव्हतं. ती सरळ आत आली, तेलाची वाटी घेतली, तुझं डोकं मांडीवर घेतलं आणि केस विंचरले. हळू, गुंता सोडवत, जणू तुला अजूनही दुखेल. वेणी घालून झाल्यावर ती तुझ्या कानाशी वाकली. काही बोलली का? मी दोन हातांवर होते, मला ऐकू आलं नाही. मग ती उठली. तेरवीपर्यंत रोज दोन वेळा येऊन भांडी घासून गेली, आणि आमच्यापैकी कुणाशी एक अक्षर बोलली नाही.

बाबा म्हणाले, "पाहिलं? कामाले आली, बोलाले नाही आली." आणि तेरवीच्या संध्याकाळी मला जवळ बसवून म्हणाले, "पनू, तुह्या मायनं मरेपर्यंत पाळलं. आता आपण सैल सोडलं त तिचा काय मान राहिला? तू बोलजो नको."

मी हो म्हटलं. बाबांचा चेहरा तेव्हा असा होता की दुसरं काही म्हणता आलं नाही. तुझ्या वस्तूंतली एकच गोष्ट त्यांना नीट जपता येत होती, तुझा अबोला. तो त्यांनी उचलला आणि अर्धा माझ्या हातात दिला.

पण तो माझा होता का? तुझा राग काय होता हेच मला माहीत नाही, तर तो मी पुढे कसा चालवू? आणि तू नसताना तो मोडला, तर ते तुझ्याशी बेइमानी होईल का? चार महिने हे घेऊन फिरले. ज्या बाईने तुला सगळं शिकवलं ती बोरिंगवर माझ्या समोर उभी असते, बादली भरते, जाते. मी अभ्यासलेलं सगळं मला येतं, आणि 'मोठीआई' एवढा एक शब्द येत नाही.

मग रोवणा आला. तुझ्याशिवायचा पहिला.

मी सुट्टी टाकली. बाबा म्हणाले, बायांना सांगायला आता शेवंता जाईल. शेवंताकाकूने साफ नाही म्हटलं. "तिचं काम तिची पोरगी करन. मी कायले करू?" आणि मी तुझी जुनी ओढणी कमरेला बांधून निघाले. सातही घरं फिरले. मॅडम झालेली पोरगी रोवण्याचं सांगायला आली म्हणून सगळ्या हसल्या. "तुले जमन का वं? का पुस्तकातून रोवशील?" मीही हसले. शेवटचं दार मोठीआईचं.

ती आत जात्याजवळ डाळ पाखडत होती. मी उंबऱ्याबाहेर. मध्ये चंपी. बाबांचं 'बोलजो नको' कानात होतं. आई, मी चंपीकडे बघितलं आणि म्हटलं, "चंपे, उद्या सातले. तलावाच्या पाळीजवळची बांधी. भाकर घरून."

सुपाचा आवाज थांबला. मग आतून आलं, "चंपे, आवाज बिलकुल मायसारखा आहे हिचा."

मी पळत घरी आले.

दुसऱ्या दिवशी बांधीत मी तिच्या शेजारची जागा धरली. ठरवून धरली की पाय आपोआप गेले, हे मला सांगता येणार नाही. धड्यातल्या प्रत्येकाचं याबद्दल काही ना काही म्हणणं असेल. मला तुझ्यासारखं रोवता येत नाही. माझी रोपं वाकडी, कुठे चार एकत्र, कुठे एकच. तरी तासाभराने हात बसला, आणि मोठीआई मागे पडायला लागली तसा मी हात लांबवला. एक ओळ. मग दुसरी.

पलीकडून शेवंताकाकू ओरडली, "चंपीले आणा वं कोनी बांधीत! या दोघीईले बोलाचं आहे."

बाया खोखो हसल्या. मोठीआई हसली नाही. ती चिखलात हात घालून तशीच वाकून राहिली आणि शेवंताकाकूला उद्देशून, पण माझ्याकडे पाठ न करता, बोलायला लागली.

"शेवंते, तुले आठवते का तो दिवस? हिची माय माह्या वाफ्यातले पऱ्हे डोहाच्या बांधीत रोवून राहिली होती. मी धुऱ्यावरून आरडली, डोळे फुटले का. ती उठली, माह्याकडे पाहिलं तिनं. तोंड सारं ओलं. मले वाटलं चिखलाचं पाणी उडालं असन." तिने एक रोप खोचलं. "दुपारी घरी गेली तवा समजलं, सकाळच्या बसनं पोरगी नागपूरले गेली. बसमागं पाळीपर्यंत धावत गेली होती म्हणे. तिथून सरळ बांधीत आली. रडून राहिली होती व ती. तिले दिसतच नव्हतं, वाफा कोनाचा हाय ते. आन् मी म्हणलं, डोळे फुटले का."

तिने पुढचं रोप हातात घेतलं. मग म्हणाली, "मोठी मी होती. मीच बोलाले पाहिजे होतं पयले. आज बोलतो, उद्या बोलतो. रोज चंपी मधात ये."

मी खाली वाकलेलीच राहिले. त्या दिवशीच्या बसमध्ये मी उजवीकडच्या खिडकीत बसले होते. तू डावीकडे होतीस. मी मागे वळून बघितलं नव्हतं, कारण वळले तर उतरून येईन अशी मला भीती होती. पाळीपर्यंत तू धावलीस हे मला सहा वर्षं कुणी सांगितलं नाही. तू तर नाहीच.

आता मला सगळं लख्ख दिसायला लागलं. तू मोठीआईवर रागावली नव्हतीसच. तू बोलली असतीस तर का उपटले हे सांगावं लागलं असतं. ते गावात झालं असतं, माझ्या कानावर आलं असतं, आणि मी होस्टेल सोडून परत आले असते. म्हणून तू गप्प राहिलीस. माझं शिक्षण व्हावं म्हणून. अठरा मार्कांच्या फाइलमध्ये हेच नव्हतं. हेच ते दोन मार्क!

असं मला धुऱ्यावर बसून डबा खाताना वाटलं. आणि मग भाकरीचा दुसरा घास घेताना लक्षात आलं की मी पुन्हा तेच करते आहे. पुन्हा तुला न विचारता तुझं उत्तर लिहिते आहे. फक्त या वेळी त्यात मी मध्यभागी आहे, म्हणून ते मला जास्त आवडलं आहे. कदाचित खरं असेल. कदाचित तुला नुसता राग आला असेल, साधा, सगळ्या बायांसमोर बोलल्याचा. कदाचित पहिल्या वर्षी राग असेल, दुसऱ्या वर्षी संकोच, आणि पुढे चंपीमार्फत बोलण्यात तुम्हा दोघींना मजाच येत असेल. हसू नकोस. मी एकदा तुला चंपीला निरोप देऊन परत येताना पदरात तोंड लपवून हसताना बघितलं आहे. ते मी फाइलमध्ये लिहिलं नव्हतं, कारण ते कुठल्याच दृष्टिकोनात बसत नव्हतं.

तू सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं, आई? अंगणात मी पंधरा पानं वाचत होते, तेव्हा मध्येच म्हणायचंस, "थांब, असं नाही ते." एवढंच. पण मी तरी कुठे थांबले होते? वाचून झाल्यावरही मी तुला विचारलं नाही की हे बरोबर आहे का. मी विचारलं, कसं झालंय?

त्याच संध्याकाळी परत घरोघरी जायचं होतं. दुसऱ्या दिवशी डोहाची बांधी होती. तीच. निघताना बाबा ओट्यावर बसले होते. बांधीत काय बोलणं झालं ते त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. मी म्हटलं, "बाबा, मी बोलणार आहे तिच्याशी." त्यांनी बोरिंगकडे बघितलं. "तिले काय वाटन?" त्यांनी विचारलं. तिला म्हणजे तुला. मी म्हटलं, "मले माहीत नाही बाबा. मी लिहून विचारीन." त्यांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते मी ठरवलं नाही.

हे पत्र म्हणजे ते विचारणं.

सोमवारचा धडा मी नीट शिकवणार आहे. सगळी उत्तरं शिकवणार, एकही कमी लेखणार नाही. माझा या विषयावरचा विश्वास उडालेला नाही. माणूस समजून घेता येतो असं मला अजूनही वाटतं, त्यासाठीच तर शिकले. उदाहरण मात्र माझंच देईन: एक मुलगी बसमध्ये बसते आणि मागे वळून बघत नाही. ती का बघत नाही, ते मुलांना शोधू दे. माझ्याबद्दल काय चूक लिहिलं ते मला त्यांना सांगता येईल. आणि तुला वचन देते, माझा कुठलाही विद्यार्थी कुणावर एक पानही लिहील, तर त्याआधी त्या माणसासमोर बसून त्याला विचारून येईल. आणि लिहून झाल्यावर पुन्हा जाऊन विचारेल. दोन मार्क त्याचेच ठेवीन.

आता शेवटचं. त्या संध्याकाळी मी मोठीआईच्या दारी गेले. चंपी खुंट्याला होती, तिने माझ्याकडे मान वर केली. मी तिच्या बाजूने पुढे गेले, उंबरा ओलांडला आणि म्हटलं, "मोठीआई, उद्या सातले. डोहाची बांधी. तू माह्या बाजूले राहजो."

तिने सूप खाली ठेवलं. माझ्याकडे बघत राहिली, तुझ्याकडे बघावं तसं. मग म्हणाली, "पऱ्हे उपटाले सकाळी मले हाक मारजो. कोणते कोनाचे, मी दाखवीन तुले."

सकाळी मी हाक मारली. डोहाच्या बांधीत भारी धान रोवून झाला आहे. तू रुसली असशील तर रूस, आई. मी बोलले.

तुझी,
पनू